आधी बोट, मग ठोसा

पुणे

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

दोन वर्षं कराटे झालं, आता मर्मस्थानं शिकायची आहेत, आणि त्यासाठी मोबाइलवर १०७ बिंदूंचा तक्ता उतरवून घेतला आहेस. असू दे. फक्त तो मुळात कशासाठी केला गेला ते बघ. १०७ हा आकडा सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला, सहाव्या अध्यायातला. ग्रंथ शल्यविद्येचा. शस्त्र चालवताना वैद्याने हात कुठून दूर ठेवायचा, जखमी वाचेल की नाही, याचा तो हिशेब. त्यातली तीन मर्मं ‘विशल्यघ्न’ आहेत: बाण रुतलेला असेतो माणूस जगतो, उपटला की जातो. सर्वांत मोठा गट ४४ मर्मांचा, ‘वैकल्यकर’, म्हणजे मरण नाही पण व्यंग राहतं. गुडघा आणि कोपर याच गटात येतात. सरावात जोडीदाराचं कायमचं नुकसान होण्याची भीती अशाच जागी, म्हणून सुरुवातही तिथूनच कर.

खुर्चीत बस, गुडघा काटकोनात ठेव. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, जरा खाली, टणक गोटीसारखं हाड लागेल. ते नडगीशेजारच्या बारीक हाडाचं डोकं. त्याच्या मागून बोट साधारण दोन सेंटिमीटर खाली आण आणि आडवं हलकं फिरव. दोरीसारखं काही तरी बोटाखालून सटकेल, पावलाच्या वरच्या भागात मुंग्या येतील. ही नस, म्हणजे मज्जातंतू. (लोक रक्तवाहिनीलाही नसच म्हणतात, तू दोन्ही वेगळ्या धर.) तीन-चार सेकंद पुरे, जोर बटण दाबताना लावतोस तेवढाच. इथे नस थेट हाडावर टेकलेली आहे, वर मांस जवळजवळ नाही. म्हणून एका पायावर दुसरा पाय टाकून तासभर बसलं तरी पंजा बधिर होतो, आणि इथेच जोरदार लाथ बसली तर पंजा वर उचलता येत नाही, चालताना पाऊल फरफटतं. कधी ते काही मिनिटांत सुटतं, कधी काही महिने घेतं. लाथ मारणाऱ्याला यातलं काय होईल ते आधी सांगता येत नाही. जोडीदारावर या जागेला फक्त स्पर्श, तोही त्याला विचारून.

कोपराच्या आतल्या बाजूची खाच अशीच. दारावर कोपर आपटून झिणझिण्या आल्या असतील, तीच नस.

आता तक्त्यावर नसतं ते. बोटाच्या पेराएवढी जागा हलत्या माणसावर सापडत नाही. स्वेटर घातलेल्यावर तर नाहीच. प्रात्यक्षिकात सापडते, कारण तिथला माणूस बकऱ्यासारखा उभा असतो. खऱ्या झटापटीत उपयोगी पडतात त्या तळहाताएवढ्या जागा, उदाहरणार्थ उजव्या खालच्या बरगड्यांखालचं यकृत. तिथे ठोसा बसला की क्षणभर काहीच होत नाही, मग माणूस गुडघ्यांवर येतो. इच्छा असूनही उठता येत नाही. म्हणून उजवं कोपर बरगड्यांना चिकटलेलं ठेवायची सवय आत्ताच लाव. पोटाच्या खळगीत बसला तर श्वासपटल आखडतं आणि दम अडकतो. अशा वेळी कमरेचा पट्टा धरून माणसाला वर झटकायची खोड बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोड. पट्टा सैल कर, गुडघे वाकवून आडवं होऊ दे, हळू श्वास सोडायला सांग. बहुधा एक-दोन मिनिटांत सुटतं. पोटात कळ वाढत गेली, खांदा दुखू लागला किंवा लघवीत रक्त दिसलं तर रात्र काढू नका, थेट दवाखाना. खांद्यातलं दुखणं यकृताचं किंवा प्लीहेचं असू शकतं.

हनुवटीत गुप्त नस वगैरे काही नाही. तिथे ठोसा बसला की डोकं झटक्यात फिरतं, आतला मेंदू मागे राहतो. शुद्ध गेली असेल, उलटी झाली असेल किंवा तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत असेल, तर त्या दिवशी त्याचा सराव बंद आणि डॉक्टर.

गळ्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही दाबून बघू नकोस, स्वतःच्याही नाही. जबड्याच्या कोनाखाली रक्तदाब मोजणारी जागा आहे. दाब पडला की हृदयाची गती उतरते, काहींची एकदम. ज्युदोतली गळपकड नीट बसली तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाते, म्हणून टाळी (हार मानल्याची खूण म्हणून हाताने थोपटणं) लवकर द्यायची आणि टाळी मिळताच सोडायचं. समोरची श्वासनळी तर वगळच. तिथली सूज नंतर वाढते.

छातीच्या मधोमध ठोसा बसून कुणी कोसळलं आणि श्वास घेत नसेल, तर १०८ला फोन आणि लगेच छातीदाब: मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. हे वर्गात सगळ्यांना यायला हवं, पट्टा कुठल्याही रंगाचा असो.

अप्पा बळवंत चौकात शरीररचनेचा जुना ॲटलास बघ. नवी आवृत्ती कशाला, हाडं तीच आहेत. पायाची दोन पानं आधी काढ, गोटीची जागा त्यावर खूण करून ठेव.

रविवारी बाह्या खांद्यापर्यंत सरकतील असा सदरा घाल आणि नखं कापून ये. दंडाच्या बाहेरच्या नसेपासून पुढे चालू करू.

तुझे सर