कुरणातील लीद आणि ती उचलणारी यंत्रे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे सहा घोड्या व दोन शिंगरे आहेत आणि ती बहुतेक वेळ कुंपणातील दोन हेक्टर कुरणात मोकळी असतात. लीद आजवर दाताळे, घमेले आणि हातगाडी घेऊन उचलली जाते, पण या कामाला माणूस टिकत नाही. यंत्र घ्यायचे ठरवले तर ओढून घेणारे व्हॅक्यूम घ्यावे की फिरत्या ब्रशचे?

उत्तर : आधी कामाचा आवाका पाहू. साधारण ५०० किलो वजनाचा घोडा दिवसातून आठ ते बारा वेळा लीद टाकतो आणि मूत्र धरून तिचे वजन रोज २० ते २५ किलोंच्या घरात जाते. मूत्र जमिनीत मुरते हे सोडले, तरी आपल्या सहा घोड्यांचीच उचलण्याजोगी लीद दिवसाला शंभर किलोंच्या आसपास भरणार. आठवड्यातून दोनदा उचलायची म्हटली, तर प्रत्येक खेपेला तीनशे ते चारशे किलो माल दोन हेक्टरांतून वेचून काढावा लागतो. त्यामुळे माणूस टिकत नाही, यात माणसाचा दोष फारसा नाही.

व्हॅक्यूम यंत्रात इंजिनावर चालणारा पंखा टाकीत ओढ निर्माण करतो आणि माणूस हातात जाड पाइप धरून एकेका ढिगाकडे जातो. यातही दोन प्रकार असतात. काही यंत्रांत लीद पंख्यातूनच जाते आणि तिचा भुगा होतो. टाकीत त्यामुळे जास्त माल मावतो व पुढे खतही लवकर होते, पण गवतातला खडा, तारेचा तुकडा किंवा निखळलेला नालेचा खिळा पात्यांवर आदळण्याचा धोका राहतो. दुसऱ्या प्रकारात लीद टाकीतच पडते आणि पंख्यातून केवळ हवा जाते. तिथे पाती सुरक्षित राहतात, मात्र हवा गाळणारी जाळी वरचेवर साफ करावी लागते. दोन्ही प्रकारांचा मोठा गुण म्हणजे खड्डे, झाडांचे बुंधे, कुंपणाचे कोपरे, पाण्याच्या हौदाभोवतीची जागा, असे कुठेही पाइप पोहोचतो. दोष असा की ओली, सैल लीद पाइपच्या वळणावर चिकटून बसते, लांब गवत लिदीबरोबर ओढले जाऊन पाइप तुंबवते आणि दिवसभर पाइप पेलणाऱ्याचा खांदा भरून येतो.

ब्रशचे यंत्र चारचाकी मोटारसायकलीच्या किंवा लहान ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. त्याच्या चाकांच्या फिरण्यावर किंवा स्वतंत्र इंजिनावर ब्रश फिरतो आणि लीद मागच्या पेटीत फेकतो. चालकाला खाली उतरावे लागत नाही व सपाट, आखूड गवताच्या कुरणात काम झपाट्याने उरकते. जमीन उंचसखल असेल, तर ब्रश खळग्यांवरून तसाच पुढे निघून जातो. लीद पातळ असेल, तर ती उचलली न जाता भिंतीला गिलावा करावा तशी गवतावर सारवली जाते, आणि हे न उचलण्याहून वाईट. ब्रशची उंची गवताच्या शेंड्यांना जेमतेम स्पर्श होईल इतकीच ठेवावी. लीद नीट निघत नाही म्हणून ब्रश आणखी खाली घेण्याचा मोह होतो. तसे केल्यास गवत मुळासकट निघते आणि पेटीत निम्मी मातीच येते.

आपले कुरण सपाट व सलग असेल आणि गवत आखूड राखले जात असेल, तर ब्रशचे यंत्र घ्यावे. लहान तुकडे, झाडे व उतार असतील, तर व्हॅक्यूम बरे. निर्णयापूर्वी विक्रेत्याला यंत्र आपल्याच कुरणात आणि तेही पावसाच्या दुसऱ्या दिवशी चालवून दाखवायला सांगावे. कोरड्या लिदीवर सगळीच यंत्रे छान चालतात. ओल्या जमिनीवर भरलेली टाकी ओढल्याने माती दबते, म्हणून टाकी मोठी तितकी चांगली असेही समजू नये.

प्रश्न : पशुवैद्य आठवड्यातून दोनदा लीद उचलायला सांगतात. यंत्र आल्यावर पंधरा दिवसांतून एकदाच सगळे कुरण एका दिवसात स्वच्छ केले, तर चालेल का? नाहीतरी लीद तेवढीच उचलली जाते.

उत्तर : चालणार नाही. वजनाच्या हिशेबाने लीद तेवढीच उचलली जाईल, पण जंतांचा बंदोबस्त होणार नाही, आणि लीद उचलण्याचे मुख्य कारण तेच आहे.

घोड्याच्या आतड्यातील स्ट्राँगाइल गटातल्या जंतांची अंडी लिदीतून बाहेर पडतात. ऊब व ओलावा मिळाला की त्यांतून अळ्या निघतात, लिदीतच दोन अवस्था पार करतात आणि तिसऱ्या अवस्थेत पोहोचल्या की घोड्याला बाधा करू शकतात. उबदार हवेत या साऱ्याला आठवडाभर किंवा त्याहूनही कमी काळ पुरतो. थंडीत काही आठवडे लागतात. मग पाऊस किंवा दंव पडले की अळ्या लिदीतून बाहेर येऊन ओल्या गवताच्या पात्यांवर चढतात आणि चरणाऱ्या घोड्याच्या पोटात जातात. यंत्राने गाठायचे ते त्याच्या आधी. पंधराव्या दिवशी आलेले यंत्र पुष्कळदा अळ्या निघून गेलेला नुसता चोथा गोळा करते, आणि कुरण स्वच्छ दिसल्याने मालक निर्धास्त होतो, हे अधिक घातक. ब्रिटनमध्ये गाढवांच्या कुरणांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित लीद उचललेल्या कुरणांतील गवतावर अळ्यांचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले होते.

हवामानाप्रमाणे थोडी सवलत घेता येते. तिसऱ्या अवस्थेतील अळीभोवती आवरण असल्याने ती काही खाऊ शकत नाही आणि साठवलेल्या शक्तीवरच जगते. म्हणून कडक, कोरड्या उन्हात ती लवकर मरते, तर थंडीत महिनोन्महिने तग धरते. कोरड्या उन्हाळ्यात एखादी खेप चुकली, तर बिघडत नाही. उबदार आणि दमट दिवसांत मात्र चुकवू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या कुरणात सहज दिसेल. घोडे ठरावीक भागातच लीद टाकतात आणि तिथले गवत खात नाहीत, त्यामुळे ते माजते. उरलेला भाग मात्र पार जमिनीलगत खुरडला जातो. अळ्यांचा साठा अर्थातच माजलेल्या भागात अधिक असतो. लीद नियमित उचलली गेली की हे सोडलेले पट्टे हळूहळू पुन्हा चरले जातात आणि तेवढ्याच जमिनीत चराई वाढते. जनावरे जागेच्या मानाने दाटीने असली की मात्र हा विधिनिषेध उरत नाही आणि ती लिदीजवळचे गवतही खातात.

शिंगरांसाठी वेगळी काळजी हवी. त्यांना बाधणाऱ्या मोठ्या गोलजंतांची अळी अंड्याच्या जाड कवचातच तयार होते आणि ती अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात. जमिनीत गेलेली अंडी कोणतेही यंत्र काढू शकत नाही. म्हणून शिंगरे चरतात तो भाग प्रत्येक खेपेला सर्वांत आधी साफ करावा आणि दरवर्षी तोच भाग त्यांना देऊ नये. लिदीतील अंडी मोजण्याची तपासणीही चालू ठेवावी. अनेक जंतनाशकांना लहान स्ट्राँगाइल आता दाद देत नाहीत, तेव्हा तपासणीशिवाय औषध पाजत राहण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमचे शेजारी ट्रॅक्टरमागे साखळ्यांची जाळी ओढून लीद फोडून पसरवतात. गवताला खत मिळते आणि उचलण्याचा खटाटोप वाचतो असे ते म्हणतात. हे योग्य आहे का?

उत्तर : ही सफाई नव्हे. घोड्यांनी सोडलेल्या पट्ट्यांतल्या अळ्या यामुळे चरण्याच्या भागात पसरतात. कडक ऊन आणि कोरडी हवा असेल व त्यानंतर कुरण काही आठवडे रिकामे ठेवता येत असेल, तरच जाळी फिरवावी. घोडे आत असताना तर अजिबात नाही.

प्रश्न : यंत्र चालवताना घोडे कुरणातच ठेवले तर चालेल का? माणसांनी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : शक्य असेल तर घोडे दुसऱ्या भागात न्यावेत. काही घोडे आवाजाला सरावतात, पण जमिनीवर सळसळणारा पाइप बऱ्याच शांत घोड्यांनाही बुजवतो, आणि पाइप धरलेल्या माणसाचे कान झाकलेले असल्याने मागून आलेला घोडा त्याला कळत नाही.

तुंबलेला पाइप मोकळा करताना अपघात होऊ शकतात. इंजिन बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याशिवाय आत हात घालू नये. ट्रॅक्टरवरून शक्ती घेणारे यंत्र असेल, तर फिरत्या दांड्यावरचे आवरण काढून ठेवण्याची सवय फार ठिकाणी दिसते, ती मोडावी. भरलेली टाकी घेऊन उताराला आडवे जाऊ नये. कोरड्या लिदीची धूळ उडते म्हणून मुखपट्टी हवी. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू सर्रास असतात, त्यामुळे या कामावरील प्रत्येकाची धनुर्वाताची लस वेळेवर झालेली असावी. हातावर साधा ओरखडा असला, तरी हातमोजे घालावेत.

प्रश्न : यंत्राच्या टाकीतील भुगा रोज एका कोपऱ्यात ओततो. तिथे माश्या फार झाल्या आहेत. हाच भुगा परत कुरणात टाकता येईल का?

उत्तर : ताजा भुगा घोड्यांच्या कुरणात टाकणे म्हणजे उचललेले जंत परत पेरणे होय. आधी त्याचे खत होऊ द्यावे. रोज पातळ थर पसरत गेल्यास ढीग तापत नाही आणि माश्यांना अंडी घालायला ओलसर, कोमट जागा आयती मिळते. उबदार दिवसांत घरमाशीची नवी पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते. त्याऐवजी दर खेपेचा माल एकावर एक रचून किमान एक मीटर उंच ढीग करावा. ओलावा इतका असावा की मूठभर माल दाबला, तर हात ओला व्हावा पण पाणी गळू नये. ढिगाचा गाभा ५५ अंश सेल्सियसच्या वर गेला आणि काही दिवस तिथे टिकला की अंडी व अळ्या मरतात. बाहेरचा थर मात्र थंडच राहतो, म्हणून ढीग दर आठवड्या-दोन आठवड्यांनी उलथून बाहेरचा माल आत घालावा लागतो. लांब दांड्याचा तापमापक खुपसून पाहावे, अंदाजावर राहू नये. ब्रशच्या यंत्राने आणलेल्या मालात माती जास्त असेल, तर ढीग नीट तापणार नाही.

ढिगाची जागा विहीर व ओढ्यापासून दूर आणि घोड्यांच्या आवाक्याबाहेर असावी. तयार खत भाजीपाल्याला देणार असाल, तर आपण विकत घेतलेल्या गवतावर अमिनोपायरॅलिडसारखे तणनाशक वापरले होते का, याची चौकशी करावी. ते घोड्याच्या पोटातून आणि खताच्या ढिगातूनही टिकून राहते व टोमॅटो, शेंगवर्गीय पिकांची पाने वाकडी करते. शंका असल्यास कुंडीत थोडे खत घालून वालाचे किंवा वाटाण्याचे चार दाणे लावावेत. दोन-तीन आठवड्यांत नवी पाने सरळ आली, तर ते खत वाफ्यात घालायला हरकत नाही.