कॅमेरा दुरुस्तीला देण्याआधी कार्ड काढून घ्या

निपाणीहून आपण लिहिले आहे की, उबुंटूवर (म्हणजे लिनक्सवर) कॅमेरा जोडल्यावर फाइल मॅनेजरमध्ये त्याचे चिन्ह दिसते, पण जीफोटो२ या प्रोग्रामने फोटो उतरवायला गेले की ‘यूएसबी उपकरणाचा ताबा घेता आला नाही’ असा उणे ५३ क्रमांकाचा दोष येतो, आणि म्हणून आपण उद्या कॅमेरा दुरुस्तीला नेणार आहात. कृपया थांबा. मी याच वाटेने गेलो होतो.

चिन्ह दिसते त्या अर्थी केबल आणि पोर्ट दोन्ही चालू आहेत. उबुंटूच्या ग्नोम डेस्कटॉपची जीव्हीएफएस ही सेवा कॅमेरा जोडताच तो आपणहून माउंट करते, म्हणजे फाइली दाखवण्यासाठी स्वतःच्या ताब्यात घेते, आणि ताबा एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळत असल्यामुळे जीफोटो२ला तो मिळत नाही. केबल तशीच ठेवून त्या चिन्हावर उजवी क्लिक करून अनमाउंट करा आणि मग जीफोटो२ चालवा. कॅमेरा पुन्हा जोडला की हेही पुन्हा करावे लागते.

मला हे ठाऊक नव्हते. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या यात्रेतल्या कुस्त्यांचे चारेकशे फोटो कार्डात असतानाच मी कॅमेरा बेळगावातील एका दुरुस्ती केंद्रात दिला. ‘लिनक्स काढा, विंडोज टाका,’ एवढे सांगून त्यांनी तीन आठवड्यांनी पोर्ट बदलल्याची पावती हातात ठेवली. घरी येऊन पाहतो तर कार्डात काउंटरमागच्या कॅलेंडरचे तीन फोटो तेवढे होते. कार्ड न विचारता फॉरमॅट केले होते. आणि दोष तोच, उणे ५३. त्याहून मोठी चूक माझी स्वतःची: मी तेच कार्ड पुढे महिनाभर वापरत राहिलो. पुसलेले फोटो परत मिळवणाऱ्या फोटोरेक या मोफत प्रोग्रामची माहिती मिळाली तोवर जुन्या फोटोंच्या जागी नवे लिहिले गेले होते. आखाड्यातली लाल माती कपाळाला लावणाऱ्या आमच्या वस्तादांचा फोटो निम्माच परत मिळाला. हनुवटीखाली नुसता करडा पट्टा आहे.

मी तंत्रज्ञ नाही आणि आपल्या कॅमेऱ्याचे मॉडेल मला माहीत नाही, तरी माझे मत ठाम आहे: केबलचा नाद सोडून साधा कार्ड रीडर घ्यावा आणि कार्ड त्यात घालून फोटो उतरवावेत. ३२ जीबीहून मोठी कार्डे बहुधा एक्सफॅट या फाइल साठवण्याच्या पद्धतीत असतात आणि लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.४ आवृत्तीपासून त्यासाठी अंगभूत सोय आहे, त्यामुळे अडचण सहसा येत नाही. अनमाउंट करूनही दोष राहिला, तर कॅमेरा जोडल्यानंतर टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg) या आज्ञेने दिसणाऱ्या शेवटच्या दहा ओळी इथे टाका. मी आज रात्री पाहतो.