हल्ला पाच जणांचा, घड्याळ एकाचं

या वेळी ओगेम, म्हणजे ब्राउझरवरचा अंतराळयुद्धाचा गेम, खेळणाऱ्यांचीच पत्रं जास्त आलीत आणि बहुतेकांचं दुखणं एकच आहे, एकट्याने हल्ला बरोबर जमतो पण चौघं-पाच जण मिळून करायला गेलं की विचका होतो. म्हणून सगळी जागा त्यालाच दिलीय.

प्रश्न: दादा नमस्कार. आमच्या अलायन्समध्ये आम्ही पाच जण रोज खेळतो. एसीएस (अनेकांनी मिळून एकाच वेळी करायचा हल्ला) लावला की दोघं तरी बाहेर राहतात, गेम त्यांची फ्लीट, म्हणजे जहाजांचा ताफा, घेतच नाही. त्यातल्या एकाकडे बॉम्बर ही संथ जहाजं आहेत, तो कायम उशिरा पडतो. त्याला सोडून जायचं का?

उत्तर: सोडू नका, उलट त्यालाच सगळ्यात आधी निघू द्या. तुमची गडबड इथेच होतेय असं मला वाटतं, कारण बहुतेक ग्रुपमध्ये जो सगळ्यात उत्साही तो आधी आपली वेगवान क्रूझर जहाजं सोडून मोकळा होतो आणि मग बाकीच्यांना हाका मारतो. एसीएसमध्ये 5 खेळाडू आणि मिळून 16 फ्लीट जाऊ शकतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण 30 टक्क्यांचा नियम कोणी लक्षात ठेवत नाही. मागून येणारा माणूस पोचायची वेळ पुढे ढकलू शकतो, पण जेवढा वेळ उरलाय त्याच्या 30 टक्के एवढीच.

आता हिशेब बघा. क्रूझरवाल्याला पोचायला 2 तास उरलेत, म्हणजे 120 मिनिटं, त्याचे 30 टक्के 36 मिनिटं, म्हणजे जो 2 तास 36 मिनिटांच्या आत पोचू शकतो तोच आत येईल. तुमच्या बॉम्बरवाल्याला 3 तास लागत असतील तर तो बाहेर. आणि तुम्ही आणखी तासभर चॅटवर "थांब रे, आलो रे" करत बसलात तर उरला 1 तास, त्याचे 30 टक्के फक्त 18 मिनिटं. म्हणजे जितकी चर्चा लांबेल तितकं दार बंद होत जातं.

आता हेच उलटं करा. बॉम्बरवाला 3 तासांची फ्लीट सोडेल, एसीएस तोच उघडेल, आणि तुम्ही चौघं सावकाश त्यात शिरा, तुमच्या फ्लीट आपोआप हळू होऊन त्याच सेकंदाला पोचतात, वेगळं काही करावं लागत नाही. जो लांब आहे किंवा ज्याची जहाजं संथ आहेत तो पहिला, जवळचा आणि वेगवान तो शेवटचा. फ्लीटचा वेग तिच्यातल्या सगळ्यात संथ जहाजाचा असतो, त्यामुळे दोनशे फायटरमध्ये एक डेथस्टार घातला तरी सगळी फ्लीट डेथस्टारच्या चालीने चालते, हे निघायच्या आधी प्रत्येकाने आपापलं तपासायचं.

यात एक तोटा आहे तो पण सांगतो. फ्लीट उडाल्या क्षणापासून समोरच्याला हल्ला दिसतो, तो ऑनलाइन असेल तर 3 तासांत सगळं घेऊन पळेल. म्हणून बॉम्बर आदल्या दिवशीच टार्गेटजवळच्या ग्रहावर नेऊन ठेवायचे. मून असतील आणि त्यांवर जंप गेट असेल तर आणखी सोपं, फ्लीट एका मूनवरून दुसऱ्या मूनवर एका झटक्यात जाते. पाचही जण एका पट्ट्यात आले की तीन तासांचं काम बरंच आवरतं, मग 30 टक्क्यांची एवढी काळजी राहत नाही.

आणि शेवटचं प्रोब, म्हणजे हेरगिरीचं यान. हे मी कळवळून सांगतोय, कारण आमच्या ग्रुपने एकदा निघताना प्रोब मारलं, लढाईचा अंदाज काढणाऱ्या सिम्युलेटरवर लढाई हिरवी, म्हणजे जिंकल्यासारखी दिसली, आणि नंतर चार तास कोणीही परत बघितलं नाही. समोरच्याच्या तीन मित्रांनी आमच्या टक्करीच्या काही सेकंद आधी आपल्या फ्लीट त्याच्या ग्रहावर उतरवल्या. निंजा म्हणतात त्याला. सहा राउंडमध्ये आमचं काही राहिलं नाही, आमच्यातल्या एकाने पाच महिने जमवलेली बॅटलशिप होती त्यात. पोचायला मिनिटभर असताना एकाने प्रोब मारायचंच आणि ज्याच्या मूनवर फॅलँक्स (फ्लीटची ये-जा दाखवणारी यंत्रणा) आहे त्याने 5,000 ड्युटेरियम, म्हणजे गेममधलं इंधन, घालून ग्रह स्कॅन करायचाच, कोणाच्या फ्लीट तिकडे येतायत ते दिसतं. फॅलँक्सची पोच लेव्हलच्या वर्गातून एक वजा, म्हणजे लेव्हल 5 ला 24 सिस्टिम (सूर्यमाला), तेव्हा फॅलँक्सवाला कोण हेही आधीच ठरवा. आणि एक लक्षात ठेवा, फॅलँक्सला मून दिसत नाही, टार्गेट मूनवर असेल तर तुमच्याकडे फक्त प्रोब.

प्रश्न: रिकॉल, म्हणजे फ्लीट परत फिरवायला, कोणी सांगायचा यावरून आमच्यात नेहमी भांडण होतं. व्हॉइसवर सगळे एकदम बोलतात. प्रत्येकाने आपलं आपलं ठरवलं तर काय बिघडतं?

उत्तर: बिघडतं, कारण प्रत्येकाची फ्लीट वेगळी मागे फिरते, एक घाबरून फिरला की उरलेले चौघं कमी ताकदीने जाऊन धडकतात. सिम्युलेटरमध्ये तुम्ही पाच फ्लीट घातल्या होत्या ना, आता त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. एकाने सांगायचं, त्याचं नाव आधी ठरवायचं, आणि शेवटच्या पाच मिनिटांत फक्त त्याने आणि प्रोबवाल्याने बोलायचं, बाकीच्यांनी माइक बंद. तो "रिकॉल" म्हणाला की प्रश्न न विचारता सगळ्यांनी बटण दाबायचं, का ते नंतर विचारा. 40 मिनिटं गेलेली फ्लीट 40 मिनिटांत परत येते, नुकसान होतं ते इंधनाचं, ते परवडतं.

ईव्ह ऑनलाइन हा दुसरा अंतराळातला गेम खेळणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. तिथे एका फ्लीटमध्ये 256 जण येतात, फ्लीट कमांडर एक नाव घेतो, सगळे त्याच एका जहाजावर गोळ्या मारतात, कारण वाटून मारल्या तर समोरचे दुरुस्ती करत राहतात. 27 जानेवारी 2014 ला बी-आर-फाइव्ह-आर-बी नावाच्या सिस्टिममध्ये लढाई पेटली ती का, तर एका बाजूचं त्या सिस्टिमवरच्या ताब्याचं बिल भरायचं राहून गेलं म्हणून. 21 तास चालली, साडेसात हजारांवर खेळाडू गुंतले, 75 टायटन, म्हणजे तिथली सगळ्यात मोठी जहाजं, गेली. ओगेममध्ये मात्र प्रत्येक जहाज आपलं लक्ष्य आपोआप, रँडम निवडतं, लढाई सुरू झाल्यावर कमांडरच्या हातात काहीच नाही. म्हणून आपल्याकडे त्याचं सगळं काम टक्करीच्या आधीचं, आणि म्हणूनच त्या शेवटच्या पाच मिनिटांना एवढी किंमत.

प्रश्न: हल्ला झाला, डेब्रिस (मेलेल्या जहाजांचा ढिगारा) पडलं, पण दुसऱ्याच कोणीतरी येऊन नेलं. आता आमच्यात वाटणीवरून अबोला आहे.

उत्तर: याचं फार वाईट वाटतं, डेब्रिसपायी चांगले ग्रुप फुटलेले पाहिलेत. आधी रिसायकलरचं, म्हणजे डेब्रिस उचलणाऱ्या जहाजांचं बघू. नेहमीच्या सेटिंगमध्ये मेलेल्या जहाजांच्या मेटल आणि क्रिस्टलचे 30 टक्के डेब्रिसमध्ये पडतात. 100 बॅटलशिप मेल्या असं धरा, त्या बांधायला लागलेलं 45 लाख मेटल आणि 15 लाख क्रिस्टल, त्याचे 30 टक्के म्हणजे साडेतेरा लाख आणि साडेचार लाख, मिळून 18 लाख. एका रिसायकलरची मूळ क्षमता 20,000, म्हणजे 90 रिसायकलर हवेत. (शिवाय तिथे नवा मून तयार व्हायचा 18 टक्के चान्स, डेब्रिसच्या दर एक लाखाला 1 टक्का, जास्तीत जास्त 20.) रिसायकलर मूळचे संथ, क्रूझरचा वेग 15,000 तर यांचा 2,000, त्यामुळे लढाई झाल्यावर सोडलेत तर कोणीतरी आधी पोचणारच. आधीच सोडा, टक्करीनंतर दोन-तीन सेकंदांत पोचतील असे. तिथे डेब्रिस आधीपासून नसेल तर रिसायकलर पाठवताच येत नाहीत, तेव्हा एखादं प्रोब मुद्दाम पाडून घ्या, 300 क्रिस्टल पडलं तरी दार उघडतं.

वाटणीचं म्हणाल तर लूट गेमच वाटतो, ज्याची मालाची जागा जास्त त्याला जास्त, पण डेब्रिस ज्याने उचललं त्याचंच. आधी प्रत्येकाचं मेलेलं आणि जळलेलं इंधन भरून द्या, उरेल ते फ्लीटच्या प्रमाणात, आणि रिसायकलरवाल्याला थोडं वरचं. हे निघायच्या आधी चॅटमध्ये लिहून ठेवा, तोंडी नको. माल पाठवण्याआधी तुमच्या सर्व्हरचे पुशिंगचे नियम वाचा, वरच्या नंबरच्या खेळाडूला खालच्याने उगाच माल दिला असं दिसलं तर अकाउंट बंद होऊ शकतं.

अबोला धरलेल्या मित्राला मात्र आजच मेसेज करा, तुमच्या वाट्यातलं थोडं त्याला देऊन टाका.

प्रश्न: माझी झोपायची वेळ आणि हल्ल्याची वेळ एकच येते. मित्र म्हणतो पासवर्ड दे, मी तुझी फ्लीट सोडतो. देऊ का?

उत्तर: नको. दोघांचीही अकाउंट जाऊ शकतात. तू झोपायच्या आधी फ्लीट सोड, तुझा वेग 100 वरून 30 किंवा 20 टक्क्यांवर आण म्हणजे पोचायची वेळ सकाळी येईल, आणि एसीएस तूच उघड, बाकीचे रात्रीत जमेल तसे त्यात येतील. शेवटच्या पाच मिनिटांसाठी मात्र तुला उठावं लागेल, गजर लाव. सगळ्यांनी वेळ सर्व्हरच्या घड्याळाची लिहायची हे त्यांनाही सांग.