यिर्मया २९ वर पहिला संदेश देणाऱ्या तरुणास

प्रिय मित्रा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

पुढच्या महिन्यात तुला मंडळीपुढे पहिला संदेश द्यायचा आहे आणि त्यासाठी तू यिर्मया २९:११ निवडलेस, हे कळले. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा द्यावी असे आहेत, असे देव त्यात म्हणतो. वचन फार मोलाचे आहे. पण स्टेटसवर, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, दहावीच्या निकालादिवशी ते इतके फिरते की ते यिर्मया संदेष्ट्याने बाबेलात नेलेल्या यहुद्यांना लिहिलेल्या पत्रातले वाक्य आहे हेच लोक विसरलेत. म्हणून आधी सबंध अध्याय वाच. ३२ वचने आहेत. मोठ्याने, सावकाश वाचलीस तर ७-८ मिनिटे लागतात. पहिले तीन-चार दिवस रोज एकदा वाच, टीकाग्रंथ, म्हणजे अर्थ सांगणारी पुस्तके, न उघडता. मग अध्याय २७ आणि २८ वाच, कारण हे पत्र का लिहावे लागले ते तिथे कळते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांग. इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या यहोयाखीन राजाला, सरदारांना, कारागिरांना आणि लोहारांना बाबेलला नेले (२ राजे २४). यरुशलेम अजून उभे होते. ते दहा-अकरा वर्षांनी पडले. त्यामुळे नेलेल्यांना परतीची आशा होती, आणि हनन्या या खोट्या संदेष्ट्याने तर परतीला दोन वर्षांची मुदतही देऊन टाकली होती (२८:३). यिर्मया म्हणाला ७० वर्षे (२९:१०). म्हणजे पत्र ऐकणारी बहुतेक मोठी माणसे बाबेलातच मरणार होती. अकरावे वचन त्यांना, सगळ्यांना मिळून, दिलेले आहे. 'तुला नोकरी लागेल, परदेशी जायला मिळेल' असा अर्थ तू त्यातून काढलास, तर ज्याला नोकरी लागत नाही त्याचा विश्वास मोडतो. त्याला तुझ्या संदेशाने फसवलेले असते, पण त्याला वाटते देवाने फसवले. दहावे वचन वाचून दाखवल्याशिवाय अकराव्याकडे जाऊ नकोस.

संदेशाचा अर्धा वेळ वचने ५ ते ७ ना दे. घरे बांधा, मळे लावा, लग्ने करा. ज्या नगरात तुम्हाला नेले त्याच्या हितासाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी घरेदारे हिरावली त्यांच्या नगरासाठी! इथेच आपल्या भागात बोलणाऱ्याचा पाय घसरतो. आम्ही मराठी म्हणजे इस्राएल आणि हे आमचे बाबेल, असे मनात येते. तसे बोलू नकोस, सुचवूही नकोस. बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या मराठी माणसांना कुणी बंदी करून आणलेले नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या इथलीच आहेत, आणि कन्नड शेजारीही इथलाच. तुझ्यासमोरच्या बाकांवर दोन्ही भाषांची माणसे बसणार आहेत. १ नोव्हेंबरला एकाच शहरात कर्नाटकाचा राज्योत्सवही असतो आणि मराठी माणसांचा काळा दिनही पाळला जातो. भाषेचे दुःख खरे आहे, ते हलके लेखू नकोस. पण वेदीवरून कोणाचाही झेंडा हाती घेऊ नकोस. प्रवासी कोण, हे सांगायला १ पेत्र २:११-१२ ची वाट धर. तिथे सगळेच विश्वासणारे परके आणि प्रवासी आहेत, मराठी काय नि कन्नड काय, आणि त्यांनी शेजाऱ्यांमध्ये चांगले वागून दाखवायचे आहे. ख्रिस्ताकडेही त्याच वाटेने जा. तोच अध्याय एकविसाव्या वचनापासून त्याच्या दुःखसहनाकडे नेतो.

लागू करताना मोघम बोलू नकोस. 'समाजाची सेवा करा' म्हटले की कुणी काही करत नाही. निपाणीत विड्या वळणाऱ्या बायका, वडगाव-शहापूरचे विणकर, ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर फिरताना शाळा सुटलेली मुले यांची नावे घे. कन्नड वाचता न येणाऱ्या म्हातारीला सरकारी दवाखान्यातला कागद भरून देणारा कुणी हवा असतो. तरुण संघाने शनिवारी दोन तास बसून कोणत्याही जातीधर्माच्या माणसाचे अर्ज फुकट भरून द्यावेत, एवढे एकच काम ठरव. चार कामे सांगितलीस तर एकही होणार नाही.

आता अनुवादाविषयी. वाक्यावाक्याला कन्नड होणार असेल तर वेळ दुप्पट लागतो; २५ मिनिटे मिळाली तर तुझा मजकूर १२ मिनिटांचाच हवा. घरी घड्याळ लावून वाचून बघ. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते, म्हणून वाक्य अर्धे सोडून थांबलास तर अनुवादक अडकतो. दहा-बारा शब्दांत वाक्य पूर्ण कर, मग थांब. यमक आणि अभंगाची ओळ ओघात घालू नकोस, ती पलीकडे पोचत नाही. शास्त्रभागांची यादी आणि सगळी विशेषनामे गुरुवारपर्यंत अनुवादकाच्या हाती दे, म्हणजे कन्नड बायबलमधले उच्चार तो आधी पाहून ठेवील.

शेवटी शहराचे नाव घेऊन प्रार्थना ठेव: पाणी, दवाखाने, परीक्षेची मुले, पोलीस आणि अधिकारी. अर्धी तू मराठीत कर. उरलेली कन्नडमध्ये करायला मंडळीतल्या एखाद्या कन्नड वडीलधाऱ्यांना याच आठवड्यात विचारून ठेव, आयत्या वेळी नको.

तुझा,
प्रभूमध्ये एक सेवक