बिलिंग सॉफ्टवेअर दर वेळी अ‍ॅडमिन पासवर्ड मागतं. सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करून टाकू का?

तुमची अडचण मला समजली ती अशी: देवगडजवळ आंब्याचं पॅकिंग हाऊस, नऊ कॉम्प्युटर. पेट्यांचं बिलिंग उघडलं की विंडोज पासवर्ड मागतं आणि ऐन हंगामात तो घालायला तुम्हालाच धावावं लागतं. म्हणून विचारताय, की सगळ्यांना अ‍ॅडमिन करावं, की अँटिव्हायरसच्या 'ट्रस्टेड' यादीत ते सॉफ्टवेअर टाकून भागेल?

दोन्ही नको. मी रत्नागिरीत लहानसहान ऑफिसांची मशीनं सांभाळतो. या दोन्ही वाटांनी जाऊन हात पोळून घेतलेत.

आधी त्या 'ट्रस्टेड'चा घोळ. 'याला तपासू नकोस', 'याला चालू दे' आणि 'चालताना याला अ‍ॅडमिनचे हक्क दे' ही तीन वेगळी कामं आहेत. अँटिव्हायरसची ती यादी बहुधा पहिलंच करते, म्हणजे पासवर्डची खिडकी तशीच येत राहणार आणि वर तपासणीही गेली. राखणदाराला कलमांखाली फिरायला देतो, म्हणून सातबाऱ्यावर त्याचं नाव चढवत नाही ना?

आणि सगळ्यांना अ‍ॅडमिन केलंत, तर पासवर्डऐवजी नुसतं 'येस' विचारलं जाईल. दारात टेम्पो उभा असताना ते वाचायला कोण थांबतंय?

आता खरं काम. पुष्कळदा त्या सॉफ्टवेअरला अ‍ॅडमिनची गरजच नसते. विंडोज एक्सपीच्या काळात जो तो अ‍ॅडमिन असायचा, त्यामुळे प्रोग्रामर आपला डेटा बिनधास्त 'प्रोग्राम फाइल्स'मध्येच लिहायचे. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर यूएसी, म्हणजे ही परवानगी विचारणारी खिडकी, आलं आणि ही सवय उघडी पडली. आधी शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये 'कॉम्पॅटिबिलिटी' टॅब बघा. इन्स्टॉल करणारा बरेचदा तिथे 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ची टिक मारून गेलेला असतो. ती काढा, साध्या युजरने उघडा आणि शेजारी मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं 'प्रोसेस मॉनिटर' (प्रोग्राम कुठल्या फाइलला हात लावतोय ते दाखवणारं) चालू ठेवा. त्यात 'अ‍ॅक्सेस डिनाइड' गाळून घेतलं की नेमकं कुठे अडतंय ते दिसतं. एका ऑफिसात तासभर डोकं खाऊन निघालं काय, तर बिल नंबर साठवणारी एक टेक्स्ट फाइल! डेटाचं फोल्डर डी ड्राइव्हवर हलवलं, त्या एकाच फोल्डरवर लिहायची परवानगी दिली, काम झालं. मात्र घाईत अख्ख्या प्रोग्रामच्या फोल्डरवर ती परवानगी देऊ नका. मग कोणीही मूळ एक्झी फाइल, म्हणजे खुद्द प्रोग्रामच, काढून तिच्या जागी दुसरी ठेवू शकतो.

खरोखर अ‍ॅडमिन लागणारी कामं उरतातच. ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून नेटवर्कवरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालायलाही ते लागतं. अशा वेळी माणसाला नाही, त्या एका प्रोग्रामला हक्क द्यायचे. मी चुकलो ते इथेच. एका कॅनिंगवाल्यांकडे दुसऱ्या खात्याने प्रोग्राम चालवणाऱ्या 'रनअ‍ॅज'ला 'सेव्हक्रेड' (पासवर्ड साठवायचा पर्याय) जोडून डेस्कटॉपवर शॉर्टकट करून दिला होता. पासवर्ड विंडोजने लक्षात ठेवला, सगळे खूश. पण तो साठवलेला पासवर्ड त्या एका प्रोग्रामपुरता नसतो, त्याच खात्याने काहीही चालवता येतं. बरं, तेही कोणाला करावं लागलं नाही. डिस्पॅचच्या पोराने बिलिंगमध्येच 'फाइल', 'ओपन' केलं, त्या खिडकीत पेनड्राइव्हवरच्या गेमच्या सेटअपवर राइट क्लिक करून 'ओपन' म्हटलं. गेम अ‍ॅडमिनच्या हक्कांनी बसला, कारण एका प्रोग्रामने दुसरा उघडला, की आईबापाचे हक्क पोराला वारशाने मिळतात. त्याचा हेतू वाईट नव्हता, पण माझी झोप उडाली.

म्हणून प्रिव्हिलेज मॅनेजमेंटचं, म्हणजे ठरावीक प्रोग्रामलाच हक्क देणारं, कुठलंही सॉफ्टवेअर घेताना 'चाइल्ड प्रोसेस'ची (प्रोग्रामने उघडलेल्या प्रोग्रामची) सेटिंग आधी विचारा. मशीनं दुरून सांभाळायच्या मायक्रोसॉफ्ट इन्ट्यूनमध्ये ती आहे: चाइल्डला साफ मनाई करा, नाहीतर त्याच्यासाठी वेगळा नियम लागेल असं ठेवा.

नियम कशावर बांधायचा? डिजिटल सही असलेल्या सॉफ्टवेअरला पब्लिशरवर, म्हणजे सही करणाऱ्या कंपनीवर, पण कंपनीचं सगळं नव्हे, ते एकच प्रॉडक्ट. गावातल्या प्रोग्रामरने लिहिलेल्या, सही नसलेल्या बिलिंगला हॅशवर, म्हणजे फाइलच्या बोटांच्या ठशावर. दर अपडेटला हॅश बदलतो, नियम नव्याने करावा लागतो. कटकट आहे, पण सुरक्षित आहे. नुसत्या फोल्डरच्या पत्त्यावर नियम करायचाच, तर तिथे साध्या युजरला लिहिता येत नाही ना ते बघा.

एवढं करूनही विश्वासातला प्रोग्रामच फिरला तर? २०१७ च्या जूनमध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस आला तो युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. आपल्या उरणजवळ जेएनपीटीतलं एक टर्मिनलही त्यात अडकलं. अ‍ॅडमिन हक्क मिळाले तिथे त्याने मेमरीतून पासवर्ड उचलले आणि शेजारच्या मशीनवर उडी मारली. म्हणून नऊही मशीनला एकच लोकल अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवू नका. विंडोजमधल्या 'लॅप्स' नावाच्या सोयीने तो प्रत्येकाला वेगळा ठेवता येतो. साध्या युजरच्याही स्वतःच्या फाइल्स असा व्हायरस लॉक करतोच, तेव्हा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि घेऊन झाला की केबल काढा.

आणि हो, हक्क देण्याआधी ऑनलाइन मंजुरी मागणारी सिस्टिम घेणार असाल तर पावसाळा धरून विचार करा. लाइट गेली, फायबर तुटली की मंजुरी अडकते. फोनवर एकदाच वापरायचा कोड सांगून काम होतं का, हे विक्रेत्याला नेट काढून करून दाखवायला लावा.