उसाच्या ट्रॉलीला पेलणारा शेतरस्ता

भाऊ, खडीचा भाव नंतर विचार, आधी पाणी कुठून येतं आणि कुठं जातं ते बघ. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट खडी ओतलीस तर भरलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली ती चिखलात गडप होते. माझा पहिला रस्ता असाच एका पावसाळ्यात गेला, अजून हळहळ वाटते.

वरची माती फूटभर तरी काढ. दोन्ही बाजूंना चर खण आणि ते ओढ्यापर्यंत ने, मध्येच सोडू नकोस. तळाशी जिओटेक्स्टाईल कापड अंथरलंस तर माती वर येत नाही. त्यावर 9 इंच डबराचं सोलिंग, म्हणजे मोठ्या दगडांचा थर, मग 40 मिमी खडी, वर मुरूम. प्रत्येक थर वेगळा दाबायचा, पाणी मारून, रोलर फिरवून. सगळं एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर खालचं पोकळच राहतं. गोल नदीगोटे घेऊ नकोस, ते चाकाखाली सरकतात. धारदार फोडलेली खडी एकमेकांत अडकते.

दहा फूट रुंदीला मधोमध कडेपेक्षा अडीच इंच जास्त उंची ठेव, म्हणजे पाणी चरांकडे उतरतं. वळणावर रुंदी वाढव, ट्रॉलीचं मागचं चाक आतून कापतं. पहिल्या पावसानंतर चाकोऱ्या दिसतील, त्या लगेच भर.