नागपूरला समुद्र नाही, भूकंप नाही. मग नैसर्गिक आपत्तीची तयारी करायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन नागपूरला येताय, तळमजल्याचं एक घर पसंत पडलंय आणि इथे आपत्तीची एवढी काय भीती. ‘नागपूरले काय होते?’ हे वाक्य मी माझ्याच घरात इतकी वर्षं ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. मी लायसन्सवाला वायरमन आहे. जन्म इथलाच, धंदाही इथलाच.

भूकंपाचं आधी उरकतो. नागपूर कमी धोक्याच्या पट्ट्यात येतं हे खरं. पण किल्लारीसुद्धा ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत नकाशावर सुरक्षितच होती. तिथे माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली. इकडे २२ मे १९९७ ला जबलपूरचा धक्का बसला, ४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी तेलंगणातल्या मुलुगूच्या भूकंपाने आमच्याकडचेही पंखे हलले. हलायला लागलं की मजबूत टेबलाखाली बसा, डोकं झाका, थांबल्यावर जिन्याने उतरा. नागपूरकराला भूकंपापेक्षा मोठी काळजी पाण्याची असायला हवी. आपल्याच जिल्ह्यातलं, नरखेड तालुक्यातलं मोवाड ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात गेलं. २०४ माणसं दगावली. समुद्र तिथून शेकडो कोस लांब.

आता आमच्या घराचं सांगतो. नाग नदीपासून थोड्या अंतरावरचं जुन्या लेआउटमधलं घर. खाली थोरला भाऊ, वहिनी आणि आई, वर आम्ही. घर बांधलं तेव्हा रस्ता आमच्या फाटकापेक्षा खाली होता. मग डांबरावर डांबर चढलं, त्यावर सिमेंटचा रस्ता आला आणि अंगण रस्त्याच्या खाली गेलं. नागपुरात अशी घरं गल्लोगल्ली आहेत. तळमजल्याचं नूतनीकरण निघालं तेव्हा मी दादाला हात जोडून सांगितलं, सॉकेट कमरेच्या वर घेऊ आणि इन्व्हर्टर जिन्याखाली नको. दादा म्हणाला, ‘तू सगळीकडं करंटच पाहून राहिला. इथं कुठं पूर येते?’ सॉकेट जमिनीपासून वीतभर उंचीवर बसले, कारण वर बसवले तर ‘दिसायला बरं नाही’. इन्व्हर्टर गेला जिन्याखाली.

२३ सप्टेंबर २०२३. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं, घर पाहुण्यांनी भरलेलं. मध्यरात्रीनंतर असा कडकडाट सुरू झाला की पोरं उठून बसली. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहू लागला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. मला जाग आली ती खालून येणाऱ्या ठोक्यांनी. मागच्या अंगणातला रिकामा सिलिंडर पाण्यावर तरंगून भिंतीला आपटत होता.

जिन्यावरून खाली बघितलं. हॉलमध्ये घोट्याच्या वर पाणी. महालक्ष्म्यांच्या मागच्या लायटिंगच्या माळा लखलखत होत्या आणि त्यांचा एक्स्टेंशन बोर्ड चौरंगाच्या पायाला बांधलेला, पाण्यापासून बोटभर वर. दादा मेनच्या बोर्डाशी उभा राहून सांगत होता, मेन पाडला आहे, भिऊ नका. पण त्याच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता.

हे नीट समजून घ्या. मेन पाडला की महावितरणची वीज थांबते. इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली आणि तो बॅटरीवरून २३० व्होल्ट द्यायला लागतो. मेनजवळचा आरसीसीबी, म्हणजे ३० मिलीअँपिअर गळती झाली की पडणारा स्विच, बहुतेक घरांत इन्व्हर्टरच्या लाइनला राखत नाही. म्हणजे मेन पाडणारा माणूस स्वतःला सुरक्षित समजून करंट उतरलेल्या पाण्यात पाय टाकतो.

मी ओरडलो, ‘कोणी खाली पाय टेकवू नका!’ दादालाही खुर्चीवर चढवलं. आई पलंगावर होती, तिला महालक्ष्म्यांपाशी जायचं होतं. एवढ्या वर्षांत तिच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला असेल. जिन्याच्या कोरड्या पायरीवर पालथा पडलो, कठड्यातून हात घातला आणि कोरड्या लाकडी दांड्याने इन्व्हर्टरचा समोरचा स्विच दाबला. पंखा मंदावला, माळा विझल्या, मगच पाण्यात उतरलो. आईला पाठीवर घेतलं, वहिनीने मुखवटे घेतले, पाहुण्यांतल्या मावशींना दोघांनी मिळून वर नेलं. कपाटं, सोफा, फ्रिज, कशालाही हात लावू दिला नाही.

मग दादाला गाडी आठवली. बाहेर पाणी कमरेला लागलेलं आणि हा आत उघडणारं दार उघडायला निघाला. एक मीटर पाणी पाऊण मीटर रुंदीच्या दारावर साडेतीनशे किलोच्या वर जोर देतं. कडी काढली असती तर दार त्याच्याच अंगावर आलं असतं. शिवाय वाहतं पाणी नडगीपर्यंत असलं तरी धडधाकट माणसाला पाडतं, आणि गुडघ्याच्या वर गेलं की कार तरंगायला लागते. मी दारात आडवा उभा राहिलो. गाडी गेली. जाऊ दे. घरातलं पाणी खिडकीच्या चौकटीला लागलं तेव्हा सगळे वर होते.

दुसऱ्या दिवशी शेजारी मीटर पुसून लाइट सुरू करत होते. मी गल्लीभर फिरून मेन पाडत गेलो. भिजलेलं वायरिंग वाळल्यासारखं दिसतं, पण पाइपाच्या आत पाणी राहतं. मेगरने, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायच्या यंत्राने, बघितल्याशिवाय एकही स्विच दाबू नका, फ्रिजमधलं सगळं सडलं तरी चालेल.

बाकी आपत्त्यांबद्दल थोडक्यात. वीज कडाडायला लागली की झाडाखाली आणि गच्चीवर थांबू नका, पक्क्या घरात किंवा बंद कारमध्ये बसा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास काढा. विदर्भात शेतात विजेने दरवर्षी माणसं जातात. पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये ठेवा. उन्हाळा तर इथली सगळ्यात नियमित आपत्ती आहे. २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता. उन्हात राबणारा माणूस बरळायला लागला, अंग खूप तापलं, मग घाम येत असो वा नसो, तर तो उष्माघात. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारी करा, रेड म्हणजे लगेच हालचाल करा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, नाहीतर ११२.

घर घ्यायचं तर मे महिन्यात नाही, जोराचा पाऊस पडत असताना बघा. फाटकातून रस्त्याकडे पाहताना मान वर करावी लागत असेल तर ते घर सोडा, भाडं कितीही कमी असो. शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारा, २०२३ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. एजंट सांगणार नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर तळमजला नकोच.

एक गोष्ट मात्र दादाच्या बाजूने सांगायला हवी. मोठी बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. कच्च्या भिंतीवर टांगली तर तीच अंगावर येईल, आणि तिला हवा खेळती लागते, बंद लॉफ्टवर ठेवायची नाही. आणि सगळ्याच घरांचं वायरिंग आमच्यासारखं नसतं, तुमचं तुमच्या वायरमनकडून बघून घ्या. पण ‘जड आहे’ हे जिन्याखाली ठेवायचं कारण होऊ शकत नाही. त्यासाठी जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड मिळतो.

दादाने नवीन इन्व्हर्टर आणला तेव्हा परत जिन्याखालचीच जागा दाखवली. मी कनेक्शन द्यायला नकार दिला आणि स्वतः स्टँड वेल्डिंग करून आणला, छातीच्या उंचीचा. तो म्हणतो, हॉलमधून दिसते. दिसू दे. तुम्हीही टोकन देण्याआधी घरमालकाला इन्व्हर्टर कुठे आहे ते विचारा, आणि जिन्याखाली असेल तर चावी घ्यायच्या आधी वर घ्यायला लावा.